सम्राटाचा भाजीपाला

आमच्यापैकी एकाने ३१ वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि दुसरीने जवळपास तितकीच वर्षे सरकारी कचेरीत हिशेब तपासले. दोघांच्याही निवृत्तीचे समारंभ यथासांग झाले. शाल, श्रीफळ, न चालणारे भिंतीवरचे घड्याळ आणि भाषणे. त्यांतल्या एका समारंभात, उत्तरादाखल बोलताना, इतिहासाच्या अध्यापकाने डायोक्लीशनची गोष्ट सांगितली होती. रोमचा हा सम्राट वीस वर्षे राज्य करून इ. स. ३०५ मध्ये आपण होऊन सत्तेवरून उतरला आणि एड्रियाटिकच्या काठी आपल्या जन्मगावाजवळ वाडा बांधून राहिला. पुढे जुने सहकारी त्याला पुन्हा सत्ता हाती घ्या म्हणून विनवू लागले. तेव्हा त्याने उत्तर दिले की, सलोनाला मी स्वतःच्या हातांनी लावलेला कोबी एकदा येऊन पाहा, म्हणजे असे काही सुचवण्याची इच्छाच तुम्हांला होणार नाही. भाषणाला टाळ्या पडल्या. निवृत्त होणाऱ्या माणसाने सांगावी आणि मागे राहणाऱ्यांनी ऐकावी अशी ती गोष्ट आहेच.

त्यानंतर सात वर्षांनी, गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस, आम्ही उभयता त्या सम्राटाच्या घरी चार दिवस राहून आलो. क्रोएशियातल्या स्प्लिट या गावी.

प्रवासाचे निमित्त मात्र आनंदाचे नव्हते. आमची लेक म्युनिकला असते. तिचा संसार गेल्या वर्षी मोडला. त्याची हकीकत सांगण्याचा अधिकार तिचा आहे, म्हणून ती इथे येणार नाही. आम्ही गेलो होतो ते तिला आणि नातीला घरी परत आणावे या मनसुब्याने. तिथे पोहोचल्यावर ध्यानात आले की परत येण्याचा प्रश्न तिच्या मनात नव्हताच. पाच आठवडे आम्ही पोळ्या लाटल्या, नातीला शाळेत पोहोचवले आणि दिवसाला एक याप्रमाणे सल्ले दिले. पाचवा आठवडा संपताना लेकीने आमच्या हातात विमानाची तिकिटे ठेवली. "चार दिवस समुद्र बघून या. बाबांना तो कोबीवाला सम्राट आवडतो ना?" क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये असल्यामुळे निराळ्या व्हिसाची सबबही उरली नव्हती. आपल्याला चार दिवस घराबाहेर काढले जात आहे हे दोघांनाही कळले, आणि ते आम्ही एकमेकांजवळ बोललो नाही.

राजवाडा म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते ते स्प्लिटला लागू पडत नाही. राजवाडा बघायला म्हणून जावे तर आपण केव्हाच त्याच्या आत असतो. सुमारे २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असा तटबंदीचा किंचित वाकडा चौकोन, समोरच्या ब्राच बेटावरून आणलेला पांढरा चुनखडीचा दगड, चार बाजूंना चार दरवाजे. निम्मा राजवाडा आणि निम्मी लष्करी छावणी असा त्याचा आराखडा आहे. सातव्या शतकात अवार आणि स्लाव्ह टोळ्यांनी जवळचे सलोना उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथले निर्वासित या तटाच्या आडोशाला आले आणि ते परत गेलेच नाहीत. त्यांनी कमानी बुजवून भिंती केल्या, दोन खांबांच्या मधे खिडक्या बसवल्या, दालनांच्या खोल्या पाडल्या. पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात एकेका खणात एकेक बिऱ्हाड शिरावे, तसा हा प्रकार तेराशे वर्षे चालला आहे. आम्ही गेलो त्या दिवशी सम्राटाच्या एका खांबापासून समोरच्या गजापर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर लहान मुलाचे मोजे वाळत होते.

आमची खोली तटाच्या आतच, एका बोळात, तिसऱ्या मजल्यावर होती. उशाकडची भिंत रोमन आहे, असे मालकीणबाईंनी तिच्यावर गाईच्या पाठीवर मारावी तशी थाप मारून सांगितले. बाई सत्तरी ओलांडलेल्या. तरुणपणी त्यांनी स्टुटगार्टच्या कारखान्यात काम केले होते. आमच्या पदरी पाच आठवड्यांचे जर्मन होते, तेवढ्यावर संवाद चालला. त्यांचा एक मुलगा आयर्लंडमध्ये आहे, दुसरा फ्रँकफर्टला. क्रोएशिया २०१३ मध्ये युरोपीय संघात गेल्यानंतर तरुण माणसे अशीच एकेक करून गेली. या बोळात पूर्वी इतकी मुले असत की दुपारी डोळा लागत नसे, असे त्या म्हणाल्या. आता बहुतेक दारांवर भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या आहेत आणि हिवाळ्यात रात्री खिडक्यांत दिवा दिसत नाही. आम्ही जिना चढताना धापा टाकू लागलो की त्या वरून म्हणत, "पोमालो, पोमालो." सावकाश. हा शब्द स्प्लिटमध्ये दर पाच मिनिटांनी कानी येतो. निरोप घेताना म्हणतात, घाई करणाऱ्याला म्हणतात, आणि आमच्या अंदाजाने जिथे काही बोलण्यासारखे नसते तिथेही म्हणतात.

वाड्याच्या मधोमध पेरिस्टाइल हा खांबांनी वेढलेला चौक आहे. तिथे काळ्या दगडाचा एक स्फिंक्स बसलेला आहे. तो इजिप्तच्या तिसऱ्या थुटमोसच्या काळातला. म्हणजे डायोक्लीशनने तो इथे आणला तेव्हाच सुमारे १७०० वर्षांचा जुना होता. चौकाच्या पूर्वेस सम्राटाने स्वतःसाठी बांधलेली अष्टकोनी समाधी. इ. स. ३०३ मध्ये याच सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला, आणि पुढच्याच वर्षी सलोनाचा बिशप डोम्नियस याला ठार मारण्यात आले. आज ती समाधी म्हणजे गावाचे कॅथीड्रल आहे, ते त्याच डोम्नियसच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचे अवशेष तिथे पूजले जातात. सम्राटाची शवपेटी मात्र केव्हाच नाहीशी झाली. स्थानिक वाटाडे हा भाग मोठ्या चवीने सांगतात, आणि पर्यटकही कोणाची तरी खोड मोडल्याच्या समाधानाने मान डोलावतात. आम्हीही डोलावली.

मग आम्ही वर पाहिले. घुमटाखाली कोरीव पट्टी फिरलेली आहे, तिच्यात शिकारीची दृश्ये आणि दोन गोल चौकटींत दोन मुखवटे आहेत. ते डायोक्लीशन आणि त्याची पत्नी प्रिस्का यांचे, असे परंपरेने मानतात. आमच्यातल्या दुसरीने बराच वेळ मान वर करून पाहिले आणि विचारले, "अहो, ही पण इथेच राहत होती का? त्याच्याबरोबर?"

३१ वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. आणि उत्तर ठाऊक असूनही, निरोपाच्या भाषणात ते वगळले गेले होते.

ते असे. डायोक्लीशनची एकुलती मुलगी व्हॅलेरिया. तिचा विवाह बापाने आपला सहराज्यकर्ता गॅलेरियस याच्याशी लावून दिला. घराण्याला जामीन म्हणून मुलगी देण्याचा रिवाज रोमलाही होता. इ. स. ३११ मध्ये गॅलेरियस मेला. व्हॅलेरिया आईला घेऊन पूर्वेकडचा सम्राट मॅक्सिमिनस डाया याच्या आश्रयाला गेली. त्याने तिला मागणी घातली, तिने नकार दिला. तेव्हा त्याने तिची मालमत्ता जप्त केली आणि मायलेकींना सीरियाच्या वाळवंटात हद्दपार केले. तिने कसाबसा बापाकडे निरोप धाडला. बापाने दूत पाठवले: माझी मुलगी माझ्याकडे पाठवा. उत्तर आले नाही. पुन्हा पाठवले. मग नात्यातल्या एका वजनदार लष्करी माणसाला, जुन्या उपकारांची आठवण देऊन, रदबदलीसाठी धाडले. तोही हात हलवत परत आला. ज्याच्या एका आज्ञेने ब्रिटनपासून नाईलपर्यंत सैन्ये हलत, ज्याने ३०१ मध्ये साम्राज्यभरच्या वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर ठरवून दगडावर कोरवले, त्याला आपली मुलगी घरी आणता आली नाही. तो तसाच गेला. पुढे लिसिनियसच्या राजवटीत त्या दोघी वेषांतर करून पंधरा महिने भटकल्या. शेवटी थेसालोनिका येथे ओळखल्या गेल्या आणि त्यांचा शिरच्छेद झाला. देह समुद्रात टाकले.

हे सारे लॅक्टॅन्शियस लिहितो. त्याला डायोक्लीशननेच वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक नेमले होते आणि ख्रिस्ती असल्यामुळे त्या छळात त्याची जागा गेली. सूड उगवल्यासारखे तो लिहितो, अखेरच्या दिवसांत सम्राट अन्न घेत नव्हता, झोपत नव्हता, जमिनीवर लोळत होता, असे. ते तोलूनच घ्यावे लागते. पण दूत गेले आणि रिकामे परत आले, यात अतिशयोक्ती करण्यासारखे काही नाही.

आणि कोबीचे म्हणाल तर मूळ लॅटिन मजकुरात कोबी नाहीच. तिथे नुसता 'भाजीपाला' असा शब्द आहे, इंग्रजी वाचकांसाठी गिबनने त्याचा कोबी केला आणि आम्ही तो भाषणात तसाच वाढला. आपण ज्याला कोबी म्हणतो तो गड्डा त्या काळी बहुधा नव्हताही. वगळलेल्या भागाच्या मानाने ही चूक क्षुल्लकच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळघरे पाहिली. वरचे महाल, जिथे सम्राट राहत असे, जवळजवळ नाहीसे झाले आहेत. पण उतारावरची जमीन सपाट करण्यासाठी त्यांच्याखाली ज्या खोल्या बांधल्या त्या वरच्या दालनांच्या बरहुकूम आहेत. तेव्हा खाली फिरले की वर काय होते ते कळते. त्या टिकल्या कशामुळे? वरच्या बिऱ्हाडांनी शतकानुशतके आपला केरकचरा आणि सांडपाणी भोके पाडून खाली सोडले. खोल्या गच्च भरून गेल्या आणि म्हणून ढासळल्या नाहीत. विसाव्या शतकात त्या उपसून मोकळ्या केल्या. आता तिथे 'गेम ऑफ थ्रोन्स'चे काही प्रसंग चित्रित झाल्यामुळे ड्रॅगन शोधत येणाऱ्यांची गर्दी असते. आमच्यातल्या एकाला त्या थंड, ओलसर, रिकाम्या दालनांत एकटा येरझारा घालणारा म्हातारा दिसू लागला आणि दुसरीला पायांत कळा येऊ लागल्या. आम्ही वर आलो.

तिसऱ्या दिवशी जुगो सुटला. हा दक्षिणेकडचा दमट वारा. आकाश खाली येते, लाटा रिवा नावाच्या फरसबंद किनारपट्टीपर्यंत उडतात आणि लोक डोके दुखते म्हणून त्यालाच दोष देतात. रिवावरच्या माडांसारख्या झाडांखाली बसलो असताना लेकीचा फोन आला. आवाज दमलेला, पण मोकळा. सकाळी न्यायालयात तारीख होती. मुलीची जबाबदारी दोघांकडे राहणार, नात आईजवळ म्युनिकमध्येच राहणार. घरही तेच.

"आज तारीख आहे हे सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आला असतात."

यावर आमच्यापैकी कोणालाच काही सुचले नाही. फोन ठेवल्यावर आमच्यात जे झाले त्याला भांडण म्हणता येणार नाही. दोघांचीही तक्रार तिसऱ्याच माणसाविषयी होती. ती एकटी गेली याचे दुःख होतेच. पण खरे बोलायचे तर तिला आमची गरज पडली नाही हे अधिक लागले. त्या म्हाताऱ्याची लेक बापाला निरोप धाडत होती आणि बापाचे हात पोहोचत नव्हते. आमची लेक हातभर अंतरावरून आम्हांला समुद्र बघायला पाठवत होती. दोन्हींची तुलना करणे शहाणपणाचे नाही हे आम्हांला समजते. तरी त्या संध्याकाळी लाटांकडे बघत आम्ही ती केली, आणि केव्हातरी आमच्यातली दुसरी म्हणाली, "निदान आपली लेक जिवंत आणि घरात आहे." मग पाऊस आला.

निघायच्या आदल्या सकाळी वारा पडला होता. पूर्वेच्या चंदेरी दरवाजाबाहेर भाजीबाजार भरतो, त्याला पाझार म्हणतात. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्या दिवशी लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतात. म्हणून सारा बाजार शेवंतीने भरून गेला होता. पिवळी, पांढरी, विटकरी. दसऱ्याला दाराला लावायची शेवंती हातभर लांब दांड्यांसह मृतांसाठी विकत घेतली जाताना पाहून क्षणभर अडखळल्यासारखे झाले. मालकीणबाईंनी दोन मोठ्या जुड्या घेतल्या, एक नवऱ्यासाठी आणि एक सासूसाठी. सासूसाठीची निवडताना त्यांनी दोनदा भाव केला.

शेजारच्या फळीवर राश्तिका होती. ही कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी, मोठ्या गडद पानांची भाजी. सम्राटाच्या वाफ्यात काय असेल ते असो, असेच काहीतरी असणार अशी आमची समजूत आम्ही करून घेतली. बाईंनी खुणेने सांगितले की मधली शीर काढून टाका, पाने बारीक चिरा, बटाटा आणि भरपूर ऑलिव्ह तेल घाला. आम्ही दोन जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून सामानात घातल्या.

म्युनिकला आम्ही तिची लसणाच्या फोडणीवर, हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. नातीने ती ताटाच्या कडेला सारली. लेकीने दुसऱ्यांदा वाढून घेतली. तारखेविषयी आम्ही काही विचारले नाही आणि त्या दिवशीचा सल्लाही दिला नाही. जेवता जेवता तिनेच विचारले,

"मग? पाहिलंत का सम्राटाचं घर?"

"पाहिलं," आम्ही म्हणालो. "बिऱ्हाडं फार आहेत."