अप्पांची साठ मिनिटांची कॅसेट



मागच्या दिवाळीत भालकीच्या घराला रंग द्यायचा होता. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर आत अप्पांच्या कॅसेटी. अप्पा जाऊन सहा वर्षं झाली. मी बेंगळुरूला असतो. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भरले की हवं ते गाणं मोबाईलवर. म्हटलं, हे सगळं ॲपवर आहे, भंगारात देऊ.

आई म्हणाली, "फेकून द्यायलास काय? आधी वाजवून तर बघ."

शेजारच्या काकांचा टेप आणला. पहिली कॅसेट अप्पांनी हुमनाबादच्या दुकानात कागदावर यादी देऊन भरून घेतलेली. एका बाजूला पंडित भीमसेन जोशींचे मराठी अभंग, दुसऱ्या बाजूला त्यांनीच गायलेली पुरंदरदासांची कन्नड पदं. बाजूला तीसच मिनिटं, त्यामुळे शेवटचं पद मध्येच तुटलेलं. आईनंही बरोबर तिथंच गुणगुणणं थांबवलं.

खरं सांगतो, ही सगळी गाणी मला ॲपवर मिळाली, तीही पूर्ण आणि स्वच्छ. अप्पा एका कॅसेटसाठी पैसे साठवत. वर्गणी भरून ऐकण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही.

पण दुसऱ्या कॅसेटवर आमच्या घरचं गुरुवारचं भजन निघालं. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदीत पदं रचली. त्यांतलं एक मराठी पद आजोबा म्हणत होते. त्यांचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मध्येच कुकरची शिट्टी, आणि "अरे, पेटी जरा हळू," असं कुणीतरी म्हणालेलं. हे कुठल्या ॲपवर शोधणार?

तेवढ्यात टेप अडकली. फितीवर पांढरी बुरशी होती. म्हणजे वस्तू आपल्या मालकीची असली तरी ती आपोआप टिकत नाही. आणि ॲपचं म्हणाल तर २०२० मध्ये गुगल प्ले म्युझिक बंद झालं, २०२४ मध्ये विंक. डाउनलोड केलेली गाणीही वर्गणी चालू असेपर्यंतच वाजतात. माझी एकदा भरायची राहिली, तर बीदरच्या गाडीत रात्रभर मोबाईल मुका.

शेवटी कलबुर्गीत कॅसेटी संगणकावर उतरवून देणारे एक गृहस्थ सापडले. त्यांनी फीत पुसून, जोडून भजन वाचवलं. दोन मिनिटं गेली ती गेलीच. आता एक प्रत माझ्याकडं, एक पुण्याला ताईकडं आणि एक आईच्या मोबाईलमध्ये. माझी वर्गणी चालूच आहे.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर पुढच्या पावसाळ्याआधी उघडून बघा. विकत घेतलेल्या कॅसेटी नंतर बघितल्या तरी चालतील. ज्यांच्यावर कुणीतरी पेनानं तारीख लिहिलीय, त्या आधी वाजवा.