वही, पाटी आणि वाचणारा

लिहिणाऱ्या मंडळींत हल्ली एक वाद रंगतो. टिपणे वहीत करावीत की ई-इंकच्या पाटीवर? ‘पाटी’ हा आमचा शब्द. लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे, म्हणजे पाटीच ती. तिच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात. विजेच्या इशाऱ्याने कण वरखाली होतात आणि अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही, मोबाईलसारखा डोळ्यांना त्रास नाही. आमच्या धाराशिवकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे एकदा चार्ज करून कितीतरी दिवस चालणारी वस्तू कोणाला नको? किंमत मात्र अशी की तेवढ्यात जन्मभराच्या वह्या याव्यात.

आमच्या घरात आजोबांची एक बयाज आहे. निजामाच्या अमलात इथले सरकारी कामकाज उर्दूत चाले, साल फसली. बयाजीत काही शेर, उसनवारी, मुलांचे जन्म, विहिरीचा खर्च. १३५७ फसलीत नोंदी थांबतात. त्यात ५९० मिळवा, १९४७-४८ येते. पुढची पाने कोरी आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. त्यानंतर इथल्या मुसलमानांवर काय गुदरले ते सुंदरलाल समितीने लिहून ठेवले आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. तो अहवालही कित्येक दशके बंदच राहिला. आजोबा कोऱ्या पानांविषयी कधी बोलले नाहीत.

कागद सगळे जपतो असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात सास्तूरच्या आमच्या नातलगांची दगडमातीची घरे बसली. माणसे गेली, तिथे कागदांचे कोण विचारतो? वाळवी तर नित्याचीच. पाटीवरचे लिखाण दुसरीकडेही साठवून ठेवता येते, हा तिचा खरा गुण. पण त्याला पासवर्डचे कुलूप असते, आणि लिहिणारा गेला की किल्लीही त्याच्याबरोबर कबरीत.

बयाजीला कुलूप नाही, तरी ती आम्हाला बंदच होती. आम्ही मराठी शाळेत शिकलो. कुरआन वाचतो, पण घाईत लिहिलेली उर्दू लागत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकालीन दप्तरे उघडली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणारे शोधावे लागले. दप्तर जागेवर होते, वाचणारे मोजके. पाने स्कॅन करता येतात, पण स्कॅन केलेली उर्दू उर्दूच राहते.

तूर्त आम्ही दोनशे पानी वही घेतली आहे. मोहल्ल्यातले एक निवृत्त मास्तर जुम्म्याच्या नमाजनंतर येतात, बयाज वाचतात, आम्ही देवनागरीत उतरवतो. पानांचे फोटो मुलांकडे आहेत. धाकटी म्हणते, पाटीवर लिहिले असते तर हवी ती नोंद क्षणात सापडली असती. बरोबर आहे तिचे.

मागच्या जुम्म्याला एका शब्दावर अडलो. मीम, लाम, अलिफ, एवढेच. उर्दूत ‘ळ’ नाही, आणि जेर-जबर लिहिणाऱ्याने दिलेले नाहीत. मास्तर ‘मुल्ला’ वाचतात. शेजारी विहिरीचा खर्च आहे म्हणून आम्ही ‘मळा’ म्हणतो. धाकटीला ‘मिला’ वाटते, म्हणजे पैसे मिळाले. वहीत तिन्ही लिहून ठेवले आहेत.