फेऱ्या मारायला तलाव कुणाजवळ?

गेल्या पावसाळ्यात आईची साखर वाढली म्हणून आम्ही तिला सावंतवाडीत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजन बघितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "रोज चाला. मोती तलावाला दोन फेऱ्या मारा." आई म्हणाली, "जल्मभर चालतच इलंय मा, आता आनी खय चालू?" डॉक्टर हसले. आम्हाला हसू आलं नाही.

मोती तलाव शहराच्या मधोमध, शेजारी राजवाडा. सकाळ-संध्याकाळ तिथे फिरणाऱ्यांची गर्दी असते. आमची बौद्धवाडी तिथून चार किलोमीटरवर. वाडीबाहेर पडलं की अरुंद डांबरी रस्ता, कडेला गटार आणि वळणावर चिऱ्याचे डंपर. संध्याकाळी दिवा एकच. म्हणजे चालायला जायचं तर आधी रिक्षा करायची!

आमची आजी डोक्यावर मोळी घेऊन याच रस्त्याने बाजारात जायची. तिचं वजन कधी वाढलं नाही, पण तो काही व्यायाम नव्हता, ती वेठ होती. आता रिक्षा आली, स्कूटर आली, ताटात रेशनचा भात आणि दिवसातून चार वेळा गोड चहा. (यातला चहा आमचा आम्हीच ओढवून घेतलाय, त्याचं खापर व्यवस्थेवर फोडणार नाही.) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता. आपल्याकडे तर २३ च्या वर गेल्यावरच धोका धरतात.

पण वजन म्हटलं की बोट दाखवलं जातं ते आळसाकडे. आम्ही समाजशास्त्र शिकलो, म्हणून प्रश्न पडतो की माणूस राहतो कुठे हे कुणी विचारतं का? अमेरिकेत १९९० च्या दशकात गरीब सरकारी वस्त्यांतल्या काही कुटुंबांना सोडतीने घरभाड्याची मदत दिली गेली, अट एकच, कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जायचं. त्यातल्या बहुतेक स्त्रिया काळ्या आणि लॅटिनो होत्या. दहा-पंधरा वर्षांनी मोजमाप झालं, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. ही संधी मिळालेल्या गटात अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी निघाला. रस्ता, दुकानं की भीती कमी झाली म्हणून, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण आहाराचं व्याख्यान कुणी दिलं नव्हतं, पत्ता बदलला होता.

आमचा पत्ता कुणी ठरवला? गावकुसाबाहेरची जागा आम्ही निवडलेली नव्हती. १९२४ मध्ये वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांच्या मागे लोक सभेतून चवदार तळ्यापर्यंत चालत गेले. तळ्याकाठी कोण फिरणार, हा प्रश्न आम्हाला नवा नाही. आज मोती तलावावर आम्हाला कुणी अडवत नाही, हे खरं. अडवतं ते अंतर. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, चांगलं झालं. पण पाटी बदलल्याने रस्त्याला कडा येत नाही.

सध्या वाडीतल्या सात-आठ बायका संध्याकाळी विहाराच्या अंगणात फिरतात. अंगण लहान, एका फेरीला साठ पावलं. आई मोजते, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. दिवे आणि रस्त्याच्या कडेला चालायची पट्टी मागणारा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीत दिलाय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला या बायका येणार आहेत, चालत.