मोठी गाडी कुठनं येते?

आमच्या गाड्यांना जीपीएस होताच. गाडी कुठे उभी आहे, किती वेगात चालली आहे, इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर किती वेळ ढाब्यावर बसला, हे सगळं मला कोल्हापुरात ऑफिसात बसून दिसायचं. ज्याला रस्ता हवा असायचा त्याला मात्र त्यातलं काहीच दिसायचं नाही. सासऱ्यांच्या काळात ते खपून गेलं. तेव्हाचा धंदा ठरलेला होता. गुळाचे रवे गुजरातला, शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग चाकणला, येताना जे मिळेल ते. रस्ते तोंडपाठ. आता रिटर्न भाडं मोबाईलवर मिळतं आणि ते कुठलंही असतं. शहरापर्यंत ड्रायव्हर डोळे झाकून जातो. शेवटचे आठ-दहा किलोमीटर नवे असतात आणि गाडी तिथेच अडकते.

एकदा सिल्वासाहून इचलकरंजीला सूत येत होतं. सूत हलकं, त्यामुळे वजनाच्या आधी उंची भरते. वापीच्या आसपास हायवेला जाम लागला. मोबाईलवरच्या नकाशाने वेळ वाचेल म्हणून गाडी आत वळवायला सांगितलं. ड्रायव्हर नवा पोरगा, त्याने वळवली. पुढे रेल्वेखालची मोरी आणि मोरीच्या अलीकडे लोखंडी कमान, वर ३.६ मीटर लिहिलेलं. ट्रकला आता नियमाने चार मीटर उंची चालते, कंटेनरवाल्या ट्रेलरला ४.५२. आमची ताडपत्री त्या चार मीटरला टेकलेली. क्लीनर टपावर चढून बघून आला. पुढे जाता येईना आणि मागे रिक्षा, मोटारसायकली चिकटलेल्या. मग त्याने टॉर्च घेऊन मागे उभं राहायचं, एका हाताने गाडीचा पत्रा बडवायचा आणि ‘आनदे, आनदे’ करत दहा चाकी गाडी गल्लीतून उलटी काढायची. त्यात एका घराची वळचण मोडली. तिची भरपाई जागेवर द्यावी लागली, ती मी हिशोबात ‘इतर खर्च’ म्हणून लिहिली. गेलेली रात्र कुठल्या खात्यात लिहायची ते मला आजही कळलेलं नाही. ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि मोरीपाशी गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो.

नकाशाने खोटं काही सांगितलं नव्हतं. कार तिथून आरामात गेली असती. बहुतेक ड्रायव्हर गूगल मॅप्स वापरतात. त्यात भारतात मोटारसायकलसाठी वेगळी सोय २०१७ च्या शेवटी आली. ट्रकसाठी ‘माझी गाडी एवढी उंच, एवढी जड’ असं सांगायची जागा नाही. म्हणून मी ट्रकसाठीच बनवलेलं काही मिळतं का ते शोधायला घेतलं.

पुतण्या टेक्सासला असतो. तो म्हणाला, काकू, इथे ट्रकवाले गार्मिनचं डेझल वापरतात, तेच घ्या. त्याने व्हिडिओ पाठवला. रुंद पडदा, आधी गाडीची उंची, लांबी, वजन, माल कसला हे सगळं भरायचं. मग ते यंत्र ठेंगण्या पुलांपासून आणि वजनाची मर्यादा असलेल्या रस्त्यांपासून गाडी लांब ठेवतं. बघून हेवा वाटला. पण यंत्राला आपल्या गाडीची उंची सांगून निम्मंच काम होतं. मोरीची उंची नकाशात कुणीतरी आधी भरलेली हवी. तिकडे ती नोंद ठेवायची वहिवाट आहे. आमच्याकडे कमानीवरचा आकडा रंगवलेला असतो तोही पहिल्या ट्रकने खरवडलेला. फोनवरची तसली ॲपही बघितली. उंची विचारतात, वजन विचारतात, आणि मग कारलाच दाखवला असता तोच रस्ता दाखवतात.

देशी मॅपल्सही वापरून पाहिलं. मोठ्या चौकात कुठल्या लेनने उतरायचं याचं चित्र ते आधी दाखवतं, ते आमच्या पोरांना फार आवडलं. उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं, या एका प्रश्नावर पुण्या-मुंबईत किती डिझेल जळतं ते ज्याची गाडी आहे त्यालाच ठाऊक.

मग एक विक्रेता ऑफिसात आला. सात इंची पडदा, आत कॅमेरा, टाकीत डिझेलचा सेन्सर, ड्रायव्हरला जांभई आली तरी मला मेसेज. नेव्हिगेशन त्यात ‘फ्री’. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर तात्या त्या वेळी बिल्टी घ्यायला आले होते. त्यांनी तो पडदा उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, “वैनी, ह्यो मला रस्ता दावणार, का मला तुम्हांस्नी दावणार?” विक्रेत्याने हसून विषय बदलला. मी ते घेतलं नाही. त्यात पैशांचाही भाग होता, नाही असं नाही. पण ड्रायव्हरच्या अंगावर कॅमेरा लावायचा आणि त्याला मदत म्हणायची, हे मला पटेना. आणि ज्या यंत्रावर त्याचा विश्वास नाही त्याने सांगितलेला रस्ता तो घेणार तरी कसा? सरकारी एआयएस-१४० चं यंत्रही वेगळ्याच कामाचं आहे. गाडी कुठे आहे ते कंट्रोल रूमला कळावं यासाठी ते बसेसना, टॅक्सींना, गॅसच्या टँकरना असतं. वळण सांगत नाही.

तात्यांबरोबर मी एकदा कोकणात जाऊन आले. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता, तेव्हा वैभववाडीचा लोड होता. मोबाईलने भुईबावडा घाट सुचवला. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भुईबावड्याच्या वळणांत भरलेली मोठी गाडी वळत नाही, हे त्यांना सांगायला उपग्रहाची गरज नव्हती. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने उतरलो. मोबाईल मी हातात धरला होता. दाजीपूरच्या जंगलात रेंज गेली आणि पडद्यावर नुसता राखाडी रंग, त्यात निळा ठिपका सरकतोय. जीपीएसला रेंज लागतच नाही, ते उपग्रहावर चालतं. रेंज लागते ती नकाशा ओढून घ्यायला. घरच्या वायफायवर नकाशा आधी उतरवून ठेवला की हा प्रश्न मिटतो, फक्त पुढे जाम आहे का ते कळत नाही. हे एवढं सोपं असून आमच्या निम्म्या ड्रायव्हरांना माहीत नव्हतं. रेंज गेली की जीपीएस गेला असं समजून ते फोन खिशात घालायचे.

उतारावर तात्यांनी गिअर खाली घेतला आणि पाय ब्रेकवरून काढला. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा जुना नियम. फोनमधली बाई हिंदीत तीनशे मीटरवर वळण आहे म्हणाली. भरलेल्या गाडीला घाटात तीनशे मीटर म्हणजे काहीच नाही. इतकंच नाही, त्या बाईच्या लेखी सगळा देश सपाट आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार घ्या. तिथे ब्रेक निकामी होऊन ट्रकांनी किती संसार चिरडले ते पेपरात येतच असतं. नकाशावर ती एक निळी सरळ रेघ आहे. पुढचे एवढे किलोमीटर उतार आहे, गाडी न्यूट्रल करू नको, एवढं एक वाक्य बोलणारं नेव्हिगेशन कुणी बनवलं तर मी बाकी काही न विचारता विकत घेईन.

येताना कासार्ड्याहून सिलिका वाळू भरली, फाउंड्रीला ती लागतेच. खाणीच्या फाट्यावर तात्यांनी फोन केला. मालाच्या मालकाला नाही, गेटवरच्या वॉचमनला. “मोठी गाडी कुठनं येते?” वॉचमनने सांगितलेला रस्ता नकाशातल्या रस्त्यापेक्षा लांबचा होता. आम्ही त्याच रस्त्याने गेलो.

शेवटी मी कुठलंही महाग यंत्र घेतलं नाही. प्रत्येक गाडीला एक साधा, मोठ्या पडद्याचा जुना फोन दिला, फक्त नकाशासाठी. त्यावर कुणाचे कॉल येत नाहीत. तो फोन हातात न धरता बसवायचा. गाडी चालवताना फोन रस्ता बघण्यापुरताच आणि लक्ष विचलित न होता वापरता येतो, असं २०२० पासून नियमातच आहे. जागा ठरवायला मात्र बराच वाद झाला. काचेच्या मधोमध आमच्याकडे देव असतो, हार असतो, लिंबू-मिरची असते, आणि ड्रायव्हर त्यातलं काही हलवू देत नाही. डॅशबोर्डवर ठेवला तर विदर्भातल्या उन्हात फोन तापून बंद पडतो. म्हणून उजवीकडे, खांबाला, एसी नसलेल्या केबिनात खिडकीचा वारा लागेल असा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. आमच्या गाड्या त्याच्या आधीच्या. ‘टोल टाळा’ हा पर्याय सगळ्या फोनांत मी स्वतः बंद केला. त्याने वाचलेला टोल गावांतल्या गतिरोधकांवर डिझेलच्या रूपाने भरावा लागतो, वर पाटे तुटतात ते वेगळेच.

आणि त्याच नकाशात आम्ही आमच्या खुणा टाकायला लागलो. कुठली मोरी किती उंच, कुठल्या घाटात काय वळत नाही, कुठल्या शहरात नो एंट्री किती वाजता लागते, रात्री गाडी लावून निवांत झोपता येईल असा पेट्रोल पंप कुठला. ड्रायव्हर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात, मी ऐकून लिहिते. सुरुवातीला कुणी पाठवायचं नाही. वळचण मोडलेल्या त्या पोराने पहिली खूण टाकली, मग बाकीच्यांना सुचू लागलं. तात्या अजून बोलून पाठवत नाहीत. ते बिल्टी घ्यायला आले की समोर बसून सांगतात आणि मी बरोबर लिहिलं का ते वाचून दाखवायला लावतात.

सध्या अणुस्कुऱ्यावरून वाद चालू आहे. राजापूरला जायला तो जवळचा. तात्या म्हणतात, दहा चाकी तिथून जाते, मी नेली आहे. तो पोरगा म्हणतो, एका वळणावर दोनदा मागे-पुढे घ्यावी लागते आणि समोरून एसटी आली तर संपलंच. नकाशाला दोन्ही चालतं. मी दोन खुणा ठेवल्या आहेत, दोघांच्या नावानिशी. गाडी रिकामी असेल तर तात्यांचं ऐकायचं, भरलेली असेल तर पोराचं. तात्यांना हे अजून सांगितलेलं नाही.