शाफ्टवरची पायरी

नवा क्लच टाकला आणि गिअर कर्र करायला लागला, अशी तक्रार घेऊन येणारा माणूस गिअरबॉक्सकडे बोट दाखवतो. आवाज तिथूनच येतो, त्यामुळे त्याचं चुकत नाही. पण दोष तिथे क्वचित असतो. क्लच पुरता सुटत नाही, आत जाणारा शाफ्ट फिरतच राहतो, आणि फिरत्या दातात थांबलेला दात घातला की तो ओरडणारच. हे कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक आहे. मला लिहायचंय ते पुढचं. फिंगर एका उंचीत आहेत, पेडलची ढील बरोबर आहे, प्लेट उलटी बसलेली नाही, पायलट बेअरिंग नवं आहे, आणि तरी कर्र होतं, त्या ट्रॅक्टरबद्दल.

आमच्या सावर्ड्याच्या आसपास मोठा ट्रॅक्टर शेतात उतरतच नाही. दळ्या लहान, बांधाला लागून बांध. आधी इथे पॉवर टिलर आले, मग १५ ते २५ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर. २०१४-१५ साली केंद्राचं कृषी यांत्रिकीकरणाचं उपअभियान सुरू झालं आणि अनुदानाच्या आधाराने ते वाडीवाडीत पोचले. यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत साधे सरकते गिअर असतात. गिअर पडण्याआधी दातांचे वेग जुळवून घेणारं सिंक्रोमेश मोटारीत पहिल्यांदा आलं ते १९२८ साली, कॅडिलॅकमध्ये. त्यामुळे मोटारवाल्याला थांबायची सवयच उरली नाही. मुंबईहून गणपतीला आलेला मुलगा बापाच्या ट्रॅक्टरवर बसतो, पेडल दाबल्याबरोबर दांडा ओढतो आणि ट्रॅक्टर बिघडला म्हणतो. म्हणून मी आधी पेडल दाबून चार-पाच सेकंद थांबायला लावतो. तेवढ्यात आवाज गेला तर शाफ्ट फक्त आपल्या वेगात फिरत होता, खोलायचं कारण नाही. थांबूनही ओरडला तर क्लच सुटत नाही.

असाच एक ट्रॅक्टर असुर्ड्याकडून आला होता. क्लच दुसरीकडे टाकलेला. माझ्या अंगणात गिअर लोण्यासारखा पडायचा. पुढे, मागे, पुन्हा मागे, काही नाही. मालक घेऊन जायचा, रोटाव्हेटर लावून दळीत चार फेऱ्या मारायचा आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र. सकाळी थंड असताना परत गुपचूप. मधोमध खोलला, सगळं मोजलं, सगळं बरोबर. प्लेट सपाट, फ्लायव्हील सपाट. जोडला, पुन्हा तेच. अशा वेळी झोप लागत नाही. जेवताना समोर ताट असतं आणि डोक्यात प्लेट फिरत असते. पेडल दाबल्यावर प्लेटच्या दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम मिलिमीटरभर जागा होते. सगळा क्लच म्हणजे ती जागा. ती कोण खातंय?

खात होती शाफ्टवरची पायरी. प्लेटचा हब शाफ्टच्या स्प्लाइनवर पुढेमागे सरकायला हवा. जुनी प्लेट वर्षानुवर्षं एका जागी बसून ओढ घेते आणि तेवढ्याच जागेत दाताची बाजू झिजवते. पलीकडचा दात मूळ जाडीचा राहतो. मध्ये एक बारीक कड तयार होते. जुन्या प्लेटला तिचा त्रास नसतो, कारण ती स्वतःही पातळ होत फ्लायव्हीलकडे सरकलेली असते. नवी प्लेट जाड, तिचा हब मिलिमीटरभर मागे येतो आणि नेमका त्या कडेवर बसतो. अंगणात ओढ नसते, हब कडेवरून घसरतो, क्लच सुटतो. शेतात रोटाव्हेटर माती ओढायला लागला की हबचे दात कडेला चावून धरतात. पेडल दाबलं, प्रेशर प्लेट मागे गेली, पण क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटूनच राहिली. म्हणजे क्लच बदलल्यामुळेच बिघाड दिसायला लागला, आणि क्लचमध्ये मात्र काहीही खोट नव्हती.

आमच्याकडे यात गंजाची भर पडते. क्लच हाउसिंगच्या तळाला पाणी निथळायला भोक असतं. चिखलणीला ट्रॅक्टर उतरवताना ते बूच मारून बंद करायचं आणि काम झालं की काढायचं. बंद सगळे करतात, काढायची आठवण दसऱ्यापर्यंत होत नाही. आत शिरलेलं पाणी आतच राहतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, त्यानंतर मी जी हाउसिंग उघडली त्यांत गाळ थापून बसला होता आणि प्लेटा फ्लायव्हीलला गंजाने जोडल्या गेल्या होत्या. अशा शाफ्टचे दात वायर ब्रशने चकचकीत होतात, सरळ होत नाहीत. ग्रीस फासून तर मुळीच नाही. जांभ्याची धूळ त्या ग्रीसमध्ये बसते आणि महिन्याभरात लुगदी होते. बोटाच्या टोकावर येईल एवढं ग्रीस, बाकी पुसून काढायचं.

महामार्गावर आता गॅरेजं पुष्कळ झाली. त्यांच्या वेगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कर्र आवाज आला की पेडलची ढील पार काढून टाकायची आणि गिऱ्हाईकाला ‘बघा, गेला’ म्हणायचं, याला मी काम म्हणत नाही. ढील नसली की रिलीज बेअरिंग दिवसभर फिंगरला टेकून फिरतं आणि मोसम संपायच्या आत जळतं. फ्लायव्हील लेथवर घासून आणताना जिथे प्लेट घासते ती जागा कमी करतात आणि जिथे कव्हर बसतं ती तशीच ठेवतात. दोन्हीमधला फरक पुस्तकात दिलेला असतो, पण तो राखायला सांगत नाहीत आणि लेथवाला विचारत नाही. क्लच धरतो की नाही हे सगळे बघतात. सुटतो की नाही हे बघायला ट्रॅक्टर शेतात न्यावा लागतो, आणि चिखलात उतरायची कोणाची तयारी नसते.

ती पायरी डोळ्याला दिसत नाही, तेलाच्या चकाकीत लपते. ती नखाला लागते. अडचण इथेच आहे, कारण गेल्या काही वर्षांत माझ्या उजव्या हाताची बोटं टोकाला बधिर झाली. डॉक्टर साखरेचं नाव घेतात. असुर्ड्याच्या शाफ्टवरून मी हात फिरवला तेव्हा मला काहीच लागलं नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या पोराने पुसता पुसता सांगितलं, ‘काका, हितं नख अडकतंय.’

गुहागरपासून लोक टेम्पोत ट्रॅक्टर घालून आणायचे, ‘सावर्ड्याच्या मिस्त्रीचा हात लागू दे’ म्हणून. ते ऐकायला मला फार आवडायचं. अजून आवडतं. म्हणून आता शाफ्ट आधी पोराच्या हातात जातो आणि गिऱ्हाईक आलं की मी त्याच्या देखत पुन्हा हात फिरवतो, योग्य जागी थांबतो आणि पायरी दाखवतो. मला ती लागत नाही. पोराने सांगितलेली जागा मी माझी म्हणून सांगतो. तो एक शब्द बोलत नाही, आणि त्याच्या न बोलण्याचा मी फायदा घेतो, हे मला कळतं.

आमचा वाद वेगळ्याच गोष्टीवर आहे. कड बारीक असेल तर तेलाच्या दगडाने ती उतरवावी, असं त्याचं मत. शाफ्ट बदलायचा तर गिअरबॉक्स उघडायचा, सील काढायचे, आणि दोन एकर भात लावणाऱ्याला तो खर्च झेपत नाही. माझं मत शाफ्ट बदला. कड उतरवताना दात आणखी बारीक होतो, हब सैल बसतो आणि पुढच्या वर्षी प्लेटचाच हब जातो. असुर्ड्याच्या ट्रॅक्टरवर त्याने स्वतः दगड चालवला, मी अडवलं नाही. प्रत्येक दाताच्या दोन्ही बाजू, कोरडा हब हाताने सरकवून बघत बघत, दुपार गेली. तसं काम मी त्या वयात केलं नसतं. खरीप निभावलं. आता पुन्हा मृग आला आहे, ट्रॅक्टर चिखलणीला उतरेल, आणि मालकाला आम्ही सांगून ठेवलंय की लावणी आटोपल्यावर बूच काढायच्या दिवशी तो इकडे घेऊन ये, ओढ देऊन, पेडल दाबून रिव्हर्स टाकून बघू. मी दगडाच्या विरोधात आहे. तरी पोराने दगड लावलेला तो ट्रॅक्टर ओरडू नये असंच मला वाटतं.