पीएचडी झाली, आता काय राह्यलं?

थर्ड शिफ्ट सुटली. डोक्यावर, भिवयांवर कापूस तसाच. नांदगाव पेठवरून वस्तीत आलो तर मावशीच्या दारात चूल पेटलेली अन् मावशीही पेटलेली.

"अजून किती शिकशीन रे बाप्पा? पीएचडी झाली नं? आता काय राह्यलं?"

मावसभाऊ गप्प.

तो रसायनशास्त्रात पीएचडी झाला, अमरावती विद्यापीठातून. १९८३ साली नागपूरपासून वेगळं निघालेलं हे विद्यापीठ. आज त्याला गाडगेबाबांचं नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचं नाव आमच्या पोराच्या डॉक्टरेटच्या कागदावर आलं, तेव्हा वस्तीनं पेढे वाटले. पण कागदानं चूल पेटत नाही. तो तासिका तत्त्वावर शिकवतो. सुटी लागली की पैसे बंद. एका कॉलेजात कायम जागेचा भाव कानात सांगितला. ऐकून मावसा खालीच बसला.

आता हा म्हणतो, पोस्ट-डॉक्टरेट करतो. मी दहावीत शाळा सोडलेला माणूस, शब्द त्याच्याकडूनच समजून घेतला. केंद्राची एक राष्ट्रीय फेलोशिप आहे. दोन वर्षांची. वयाची अट ३५, आपल्याला पाच वर्षांची सूट. आयुष्यात एकदाच मिळते. पण अर्जाला एखाद्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाची संमती पाहिजे.

"तिथं आपल्या ओळखीचं कोन हाय बे?"

"बारा जनायले लिव्हलं. एकाचं उत्तर आलं."

मग मीही विचारलं, पैसे किती? विचारलं अन् माझी मलाच लाज वाटली.

त्याचा प्रश्न साधा आहे. कपाशीवरचं विष फवारणाऱ्याच्या अंगात किती शिरतं, आणि खेड्यातल्या दवाखान्यात ते वेळेवर कसं ओळखायचं? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. कपाशीच्या बियांवर, किडींवर तिथं संशोधन होतं. ते पाहिजेच. पण पंपाखालच्या पाठीचं काय? आमचा मावसा अकोटकडं दुसऱ्याच्या वावरात फवारायचा. संध्याकाळी ओकायचा. आम्ही म्हणायचो, ऊन लागलं. ज्याच्या घरात कोणी असं ओकलं नाही, त्याला हा प्रश्न सुचेल? सुचला तरी रात्री झोपू देणार नाही असा सुचेल?

बाबासाहेबांची शिष्यवृत्ती १९१७ साली संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मुंबईत प्राध्यापकी केली, पैसा जोडला, शाहू महाराजांनी हात दिला, १९२० साली पुन्हा गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. आपण पदव्या मोजतो. मधली ती तीन वर्षं कोण मोजतं?

मी रिंगफ्रेमवर आहे. धागा तुटला की सांधतो. दुसरं मला काही येत नाही. म्हणून बोलून बसलो, "मावशी, दोन वर्ष तुह्या घरचा किराणा माह्या ओव्हरटाइमात."

घरी बायकोला सांगितलं. तिला सातवा महिना. तिनं भाकर थापली, तव्यावर टाकली, अन् विचारलं, "अन् आपलं?"

अर्जाची तारीख जवळ येते. तिला उत्तर द्यायचं राह्यलं आहे.