अंगण खरेच वाकडे असते तेव्हा

‘राउटर’ म्हटले की मुलांना घरातला इंटरनेटचा डबा आठवतो. माझा राउटर निराळा. लाकडात खाचा पाडणारे, कडांना गोलाई देणारे ते विजेचे यंत्र. टेबलाखाली उलटे बसवले की त्याचे फिरते पाते, म्हणजे बिट, तेवढे वर डोकावते. बिटच्या दोन्ही अंगांना जी उभी पट्टी असते, ती फेन्स. तिला टेकवून फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची. गॅलरीतल्या या टेबलावर मी पाट, चौरंग आणि मसाल्याच्या पेट्या करते. चार पैसे माझ्या हाताशी राहतात.

एका पावसाळ्यात पेट्यांची झाकणे बिघडू लागली. कड छान उतरायची, पण शेवटच्या दोन बोटांवर बिट जास्त खोल खायचे. सहा पेट्या द्यायच्या होत्या आणि सागाची फळी काही फुकट येत नाही! हे म्हणाले, “तुझा हात हलत असेल.” सासूबाई हसल्या, “नाचता येईना, अंगण वाकडे!” पोळी करपली तरी हात, टीप वाकडी आली तरी हात. बाईच्या हातावर आळ यायला कितीसा वेळ लागतो? पण दरवेळी त्याच दोन बोटांवर हात कसा हलेल?

यांनी टेप आणून फेन्स टेबलाच्या कडेला समांतर करायला घेतली. मी म्हटले, “अहो, बिट गोल आहे. फेन्स तिरपी असली तरी बिटपासूनचे अंतर बरोबर असले की झाले.” टेबलाच्या खाचेत सरकणारा आडवा आधार वापरायचा असेल, तरच समांतर हवी.

मग प्लग काढला आणि पोलादी पट्टी फेन्सच्या दोन्ही भागांवर आडवी धरली. डाव्या भागापाशी फट! दमट हवेने उजवी फळी किंचित फुगली होती. त्यामुळे उजवा आधार सुटताच काम डावीकडे मागे सरकायचे आणि बिट खोल शिरायचे. डाव्या फळीमागे जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घातला, बोल्ट आवळले, पट्टी पुन्हा लावली. दोन्ही भाग एका रेषेत! रद्दी लाकडावर कड काढून पाहिली, ती एकसारखी उतरली.

मैत्रिणींनो, आणखी तीन गोष्टी पाहा. फळी मधेच अडत असेल, तर डावा भाग पुढे आलेला असतो. कड काटकोनात येत नसेल, तर टेबल आणि फेन्स यांच्यामध्ये गुण्या लावा. बरेचदा बुडाशी भुसा अडकलेला असतो. काम चालू असताना फेन्स सरकते का, हे पाहायला तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीची रेघ ओढून ठेवा. पदर खोचलेला, बांगड्या काढलेल्या आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. फेन्स आणि बिट यांच्या मधून फळी कधीही घालू नका. ती हातातून हिसकली जाते.

सहाही पेट्या वेळेवर गेल्या. सासूबाईंची म्हण काही खोटी नाही. पण आपल्या लेकीसुनांच्या हाताला नाव ठेवण्याआधी अंगणाला एकदा गुण्या लावून पाहायला काय हरकत आहे?